लव्हाळ्यावर मीठ-व्हिनेगर मारू का?

वाचकाचं पत्र

घरामागे आमची छोटी बाग आहे. टोमॅटो, वांगी, मिरचीचे वाफे, चार गुलाब आणि एक मोठी जास्वंद. वाफ्यांत लव्हाळा माजलाय. कितीही उपटला तरी आठवड्यात पुन्हा हजर. फरशीच्या फटींतूनही गवत येतं. टोमॅटोच्या शेंड्यांवर हिरवा मावा आहे, आणि जास्वंदीच्या कोवळ्या फांद्यांवर पांढरे चिकट पुंजके दिसतात, त्यांच्याकडे जाणारी मुंग्यांची रांग कधी तुटत नाही. माझी चार वर्षांची मुलगी दिवसभर या बागेत मातीत खेळते, म्हणून विकतचं विषारी औषध मला नको आहे. एका व्हिडिओत मीठ, व्हिनेगर आणि भांडी घासायचं लिक्विड एकत्र करून गवतावर फवारायला सांगितलं होतं. एका कोपऱ्यात मारून पाहिलं. दोन दिवसांत सगळं करपलं, पण दहा दिवसांनी लव्हाळा परत वर आला. किडीसाठी शेजारचे काका म्हणतात, तंबाखू उकळून ते पाणी मार. आता वाफ्यांतही मीठ-व्हिनेगर मारू का? आणि तंबाखूचं काय करू?

उत्तर

ताई, वाफ्यांत मीठ अजिबात टाकू नका, आणि तंबाखूचं पाणी बागेत आणूच नका. दोन्हींची कारणं सांगते, पण आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे वळते: दहा दिवसांनी लव्हाळा परत आला. हे नीट लक्षात ठेवून लिहिलंत ते फार बरं केलंत. असे व्हिडिओ दुसऱ्या दिवशीचं करपलेलं गवत दाखवून संपतात. दहावा दिवस कोणी दाखवत नाही.

घरातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के अॅसेटिक आम्ल असतं. ते पानावर पडलं की पेशींचं आवरण फुटतं, पाणी निघून जातं आणि पान तपकिरी पडतं. जमिनीखालच्या भागाला मात्र त्यानं काही होत नाही. नुकतं उगवलेलं, दोन-तीन पानांचं तण यात खरोखर मरतं, कारण त्याच्याकडे पुन्हा फुटायला साठाच नसतो. लिक्विडमुळे थेंब पानावरून ओघळत नाही, पसरतो, एवढंच त्याचं काम. आणि मीठ? ते मारतं, पण मारून झाल्यावर तिथेच राहतं. मिठातल्या सोडियमचं विघटन होत नाही. मातीचे कण एकमेकांना धरून असतात म्हणून त्यांत हवा आणि पाणी खेळतं. सोडियम वाढला की ती घडण मोडते, चिकण माती घट्ट बसते आणि पाणी वरच साचतं. शिवाय त्या मिठाला लव्हाळा कोणता आणि टोमॅटो कोणता हे कळत नाही. पाऊस पडला किंवा तुम्ही पाणी घातलंत की ते उताराच्या दिशेनं मुळांकडे सरकतं. काही व्हिडिओंत साध्या मिठाऐवजी एप्सम सॉल्ट टाकतात. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, तणनाशक नव्हे.

ज्या कोपऱ्यात मारलंत तिथे एकदाच मारलं असेल तर घाबरू नका. निचरा चांगला असेल आणि उतार वाफ्यांकडे नसेल, तर दोन-तीन वेळा भरपूर पाणी सावकाश देऊन मीठ खोल मुरू द्या, मग वर कंपोस्टचा थर घाला. उतार वाफ्यांकडेच असेल तर वरची बोट-दोन बोट माती काढून टाकलेली बरी.

आता लव्हाळा. एक रोप मुद्दाम नीट खणून काढा, माती ओली असताना, खुरपं बाजूनं खोल घालून खालून उचला. दांडा दोन बोटांत फिरवून पाहा, तीन कडा बोटांना लागतात. गवताचा दांडा असा नसतो. खाली एक फुगीर बूड दिसेल, त्यातून तारेसारखा चिवट, तपकिरी धागा आडवा गेलेला असेल आणि त्याच्या टोकाला काळपट गाठ. तिथून पुढे आणखी धागा, आणखी गाठ, माळेतल्या मण्यांसारख्या. नखानं एक गाठ सोला, आत पांढरा गर आणि ओळखीचा सुगंध येईल. हा सगळा अन्नाचा साठा आहे. वरचं पान करपलं तरी त्याला धक्का लागत नाही, म्हणून तुमचं मीठ-व्हिनेगर हरलं.

यात एक खोच आहे. माळ अखंड असते तेव्हा एक-दोन गाठी फुटतात आणि बाकीच्यांना फुटू देत नाहीत. आपण वरून हिसका देऊन उपटलं की धागा तुटतो, गाठी मातीत राहतात आणि दबून बसलेल्या गाठी एकेक करून कोंब काढतात. उपटल्यावर लव्हाळा वाढलाच असं अनेकांना वाटतं, ते खोटं नाही. म्हणून हिसका देऊ नका. गाठीसकट जेवढं निघेल तेवढं खुरप्यानं उचला, आणि जे मातीत राहिलं ते पुन्हा वर आलं की लगेच काढा. या कामात वेळ पाळणं सगळ्यात महत्त्वाचं. नवा कोंब सुरुवातीला गाठीतलं अन्न खर्च करून वाढतो. पाच-सहा पानं झाली की तो कमावू लागतो आणि नव्या गाठी बांधायला घेतो. त्याच्या आत त्याला गाठलंत तर प्रत्येक वेळी साठा कमी होतो. त्यानंतर गाठलंत तर तुम्ही मेहनत केलीत आणि साठा तरी वाढलाच. दर दहा-बारा दिवसांनी एक फेरी मारा. एका हंगामात तो संपणार नाही, पण विरळ नक्की होतो. काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकायच्या नाहीत. फरशीवर कडक उन्हात अनेक दिवस पसरून पूर्ण सुकू द्या. कोरडेपणा त्यांना सोसत नाही.

लव्हाळ्याला सावलीही सोसत नाही. रोपांमध्ये उगाच मोकळी जागा ठेवू नका, पसरणारी भाजी मध्ये लावा. पुठ्ठ्याचं आच्छादन घाला: खोक्यांचा जाड तपकिरी पुठ्ठा, चिकटपट्ट्या आणि पिना काढून, कडा हातभर नाही तरी वीतभर एकमेकांवर येतील असा अंथरा, भिजवा आणि वर वाळलेल्या पानांचा थर द्या. पातळ काळं प्लॅस्टिक लव्हाळ्यावर उपयोगाचं नाही, त्याचा टोकदार कोंब ते भोसकून सरळ वर येतो.

वाफ्यातलं बाकीचं तण बहुतेक बियांपासून येतं, आणि त्याची तऱ्हा पूर्ण वेगळी. विल्यम बील नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ मध्ये वाळू आणि तणांच्या बिया भरलेल्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक-एक उकरून बिया पेरून पाहायच्या, असा तो प्रयोग अजून चालू आहे. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बिया १४१ वर्षांनंतरही उगवल्या. तुमच्या वाफ्याखालीही अशा झोपलेल्या बिया आहेत. माती खोल उलथलीत की त्या उजेडात येतात आणि उगवतात. म्हणून तणासाठी खोल खणू नये, वरची बोटभर माती नुसती खरवडावी.

नवा वाफा तयार कराल तेव्हा लगेच पेरू नका. वाफा सपाट करा, पाणी द्या आणि दहा-पंधरा दिवस थांबा. हिरवळ उगवू द्या. मग कोरड्या, उन्हाच्या सकाळी खुरप्यानं अगदी वरवर खरवडून ती कापून टाका आणि त्यानंतर पेरणी करा. एक पैशाचं औषध न वापरता वरच्या थरातल्या पुष्कळ बिया संपतात. तणावरच्या सगळ्या घरगुती उपायांत मला हा सगळ्यात आवडतो, आणि दुर्दैवानं सर्वांत कमी लोक तो करतात, कारण थांबवत नाही. खरवडलेली घोळ मात्र ओल्या मातीवर पडू देऊ नका, तिचे तुकडे पुन्हा मूळ धरतात. गाजर गवत दिसलं तर हातमोजे घालून, फुलं येण्याआधी मुळासकट काढा. त्यानं अंगाला खाज आणि पुरळ येतं, आणि एक झाड हजारो बिया सांडतं. मुलीला तेवढा वेळ लांब ठेवा.

पेरणीनंतर रोपं वर आली की वाळका पाला, सुकलेलं गवत किंवा भुसा यांचा पाच ते सात सेंटिमीटर थर द्या. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड ओलं राहून कुजतं. बी धरलेलं गवत आच्छादनाला वापरू नका. एखादा वाफा रिकामाच असेल आणि ऊन कडक असेल, तर माती भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट ताणून, कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवा. इस्रायलमध्ये याकोव्ह कातान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ही पद्धत शास्त्रीयरीत्या मांडली. उन्हानं वरच्या थरातल्या तणाच्या बिया आणि काही रोगजंतू मरतात. प्लॅस्टिक पारदर्शकच हवं, काळ्याखाली माती तितकी तापत नाही. लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी मात्र यातून वाचतात.

फरशीच्या फटींसाठी उकळतं पाणी. किटलीच्या तोटीनं, सावकाश, थेट बुडाशी. कोवळं तण एकदा ओतल्यावर जातं, जुन्याला दोन-तीनदा ओतावं लागतं. मुलगी घरात असताना आणि पायांत बूट घालूनच हे करा. शेजारी गुलाबाची मुळं असतील त्या फटीत नको.

आता किडी. मुलगी बागेत असते म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

काकांनी तंबाखू सुचवली ती चांगल्या मनानं, आणि तिनं किडे मरतात हेही खरं. पण मारतं ते निकोटिन, आणि ते माणसालाही तीव्र विष आहे. ते कातडीतून शरीरात शिरतं. उकळलेल्या पाण्यात ते किती उतरलं हे कळायला घरात काही साधन नाही. शिवाय तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटो, मिरची, वांगी या तिच्याच कुळातल्या झाडांना लागू शकतो, म्हणजे नेमकी तुमची भाजी. वनस्पतीतून आलेलं आहे म्हणून निर्धोक, असं समजून चालत नाही. काकांनाही हे सांगा, तेही वापरत असतील.

टोमॅटोवरच्या माव्याला औषधाआधी पाण्याची धार पुरते. शेंडा एका हातात धरा, दुसऱ्या हातानं पाइपचं तोंड दाबून पानाच्या खालच्या बाजूवर जोरात पाणी मारा. खाली पडलेला मावा, त्यातही सोंड पानात अडकून तुटलेला, सहसा परत चढत नाही. सकाळी मारा म्हणजे पानं दिवसभरात सुकतात. दर दोन दिवसांनी, आठवडाभर. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात आणि अनुकूल हवेत ती पिल्लं आठवडाभरात मोठी होतात, त्यामुळे एकदा मारून थांबलात तर काही उपयोग होत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर साबणाचं पाणी. १ लिटर पाण्यात ५ मिलीलिटर सौम्य द्रवरूप साबण, त्याहून जास्त नको. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं कडक लिक्विड पानावरचा मेणाचा थर धुऊन काढतात आणि पान जळतं. आधी चार पानांवर मारून एक दिवस थांबा. साबण लागतो तो फक्त मऊ अंगाच्या किडीला, आणि अंगावर ओला पडला तरच. सुकलेल्या साबणाचा काहीही परिणाम नाही. म्हणून पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे, वरून शिंपडणं वाया. संध्याकाळी मारा. पाणी जड असेल, म्हणजे साबणाला फेसच येत नसेल, तर पावसाचं किंवा गाळलेलं मऊ पाणी घ्या.

साबण कमी पडला तर कडुनिंबाचं तेल. १ लिटर कोमट पाण्यात १ ते २ मिलीलिटर साबण आधी मिसळा, मग ५ मिलीलिटर तेल घालून पाणी दुधी होईपर्यंत हलवा. साबणाशिवाय तेल वर तरंगतं आणि शेवटचा फवारा निव्वळ तेलाचा होऊन पान करपतं. त्याच दिवशी संपवा, उरलेलं ठेवू नका. तेलातलं अझाडिरॅक्टिन किडीची भूक मारतं आणि तिला कात टाकू देत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून मात्रा वाढवू नका. आठवड्यानं पाहा, आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा मारा. उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून इथेही संध्याकाळच. उमललेल्या फुलांवर मारू नका, मधमाश्या तिथे येतात. आणि ताई, बाटली मुलीच्या हाताला लागणार नाही अशा उंच, कुलपाच्या जागी ठेवा. कडुनिंबाचं तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर गंभीर विषबाधा होते. फवारणीच्या संध्याकाळी तिला बागेत सोडू नका, आणि भाजी तोडल्यावर धुऊनच घ्या.

लसूण-मिरचीच्या पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. त्याचा परिणाम कधी दिसतो, कधी नाही, आणि पावसाच्या एका सरीनं जातो. डोळ्यांत उडालं तर त्रास मात्र नक्की. लहान मूल खेळतं त्या बागेत मी ते वापरणार नाही.

जास्वंदीवरचे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. इथे सुरुवात मुंग्यांपासून करा. ढेकूण झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकट द्राव बाहेर टाकतात. मुंग्यांना तो हवा असतो, म्हणून त्या ढेकणांना खाणाऱ्या कीटकांना हुसकावून लावतात. मुंग्या तिथे आहेत तोवर तुमची फवारणी अर्धीच लागू पडेल. खोडाभोवती रुंद कागदी चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्यावर व्हॅसलीनचा पट्टा ओढा; सालीवर थेट व्हॅसलीन लावू नका. झाडाची जी फांदी भिंतीला किंवा कुंपणाला टेकते ती छाटा, नाहीतर मुंग्या तिथून पूल करतील. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. उरलेल्या पुंजक्यांवर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा, मेणाचा थर विरघळून खालचा किडा मरतो. नंतर साबणाचं पाणी, आठवड्याला एकदा.

बोळा फिरवण्याआधी मात्र भिंग घेऊन पाच मिनिटं पाहा. पांढऱ्या पुंजक्यांत एखादा किडा बाकीच्यांहून मोठा, अंगावर लांब विस्कटलेले मेणाचे धागे असलेला आणि झपझप चालणारा दिसला, तर तो ढेकूण नाही. ती क्रिप्टोलिमस या भुंग्याची अळी असू शकते, आणि ती ढेकूणच खाते. ढेकूण जवळपास जागचे हलत नाहीत, ही धावते. ओळखायची हीच खूण. टोमॅटोवरही असंच बघा. लांबट, काळी-करडी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली सहा पायांची अळी ही लेडीबर्ड भुंग्याचं पिल्लू, माव्यावर जगणारी. माव्याच्या गर्दीत काही किडे फुगलेले, तपकिरी, कागदी दिसतील. त्यांच्या आत बारीक गांधीलमाशीची अळी वाढत असते, आणि पाठीवर गोल भोक असेल तर ती बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात गेलीही. असे फुगलेले किडे बरेच दिसले तर त्या फांदीवर काहीही फवारू नका. साबण आणि तेल या मित्रांनाही मारतात.

खताकडेही एकदा पाहा. नत्र जास्त झालं की शेंडे भराभर, लुसलुशीत वाढतात आणि मावा तिथेच गर्दी करतो. महिनाभर नत्राचं खत थांबवून बघा. झेंडू लावल्यानं सगळ्या किडी पळतात हा समज मात्र सोडून द्या. झेंडूच्या मुळांतून मातीतल्या सूत्रकृमींना आळा बसतो हे खरं, पण त्यासाठी पूर्ण वाफाभर दाट झेंडू एक हंगाम घ्यावा लागतो. वाफ्याच्या कडेला लावलेली दोन-चार रोपं फुलांसाठी छान आहेत, मित्रकीटकांनाही मध मिळतो, तेवढ्यासाठी जरूर लावा.

सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात जास्वंदीची पट्टी आणि माव्यावर पाण्याची धार, आणि पाऊस किंवा पाणी झाल्यावर लव्हाळ्याची पहिली फेरी, एवढं पुरे. तीन आठवड्यांनंतरही जास्वंदीवर पांढरे पुंजके तितकेच असतील, तर बुंध्याजवळची माती बोटभर बाजूला करून मुळांवर पांढरं काही दिसतं का ते पाहा. ढेकूण तिथेही लपतात. तसं दिसलं तर मुळांचा आणि पानाच्या खालच्या बाजूचा फोटो काढून मला पाठवा, पुढचं त्यावरून सांगते.